गाभण घोडीची वार सोनोग्राफीवर मोजताना: मार्च ते जुलै २०२४च्या नोंदी

मी मोहोळ तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. रोजचं काम गाई-म्हशींचं. घोड्या वर्षाला वीस-पंचवीस, बहुतेक मारवाडी किंवा काठेवाडी रक्ताच्या, अकलूजच्या बाजारातून आलेल्या. गाभण घोडीची वार, म्हणजे पोटातल्या पिल्लाला पोसणारं आवरण, सोनोग्राफीवर मोजायचं काम दुसऱ्या कुणा पशुवैद्यकाला सुरू करायचं असेल तर माझ्या चुका त्याला पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या. औषधांच्या मात्रा पशुवैद्यकांसाठी आहेत. मालकांनी त्या वाचून स्वतः औषध देऊ नये.

१० मार्च २०२४

सोनोग्राफीचं यंत्र आलं. जुनं, हातात मावणारं, गाईंसाठी वापरलेलं. सोबत ५ ते ७.५ मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब, जो गुदमार्गातून आत नेता येतो. किंमत १,३५,००० रुपये. विकणाऱ्याने पशुवैद्यक परिषदेच्या नोंदणीचा दाखला आणि यंत्र फक्त जनावरांसाठीच वापरीन असं हमीपत्र घेतलं. त्या कागदांच्या प्रती यंत्राच्या पेटीतच ठेवल्या आहेत.

हे का सुरू केलं ते लिहून ठेवतो. गेल्या सप्टेंबरात रात्री अकराला एका मालकांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, घोडी कळा देतीय, पण लाल पिशवी बाहेर आलीय, मखमलीसारखी." मी म्हणालो, "हात लावू नका, निघालोच." पोचायला पन्नास मिनिटं लागली. शिंगरू पुऱ्या दिवसांचं, देखणं आणि मेलेलं. वार गर्भाशयापासून आधीच सुटली होती, म्हणजे शिंगराचा प्राणवायू आतच तुटला होता. ती पिशवी लगेच कापून शिंगरू ओढून काढायला हवं होतं, आणि ते मालकांना फोनवर सांगता आलं असतं. मी त्यांना थांबायला सांगितलं.

नंतर वार अंगणात पसरून पाहिली. गर्भाशयाच्या मुखाकडचा भाग तळहाताएवढा जाड, तपकिरी, वर चिकट पू. हे एका रात्रीत होत नाही. संसर्ग निरणातून (योनीच्या बाहेरच्या तोंडातून) वर चढत कित्येक आठवडे वारेत मुरला होता. मालक म्हणाले, महिनाभर आधीच कास उतरली होती, सडातून दूध ठिबकत होतं. घोडी दुधाची निघणार म्हणून घरात सगळे खूश होते. खरं तर तीच धोक्याची खूण होती.

हा संसर्ग वेळेत दिसला असता तर औषधाला वाव होता. तो दिसावा म्हणून यंत्र घेतलं.

१७ मार्च

पहिली चूक पैशाची. गाईसाठी आपण खोडा वापरतो, तसा घोडीसाठी लोखंडी पाइपचा बनवून घेतला, १४,५०० रुपये. तो माझ्या दवाखान्यापुढे उभा आहे आणि घोड्या आहेत वैराग, मंगळवेढा, सोलापूर शहर अशा चहूकडे. दिवस भरत आलेली घोडी टेम्पोत घालून मोहोळला आणणं मला पटत नाही. खोडा तसाच पडून आहे.

त्याऐवजी जे जमलं ते असं. घोडी तबेल्याच्या दाराशी आडवी उभी करायची, एक बाजू भिंतीला लावून. मागे कडब्याच्या पेंढ्या कमरेपर्यंत रचायच्या. मालक तोंडाशी. अगदीच बुजरी असेल तर वरच्या ओठाला दोरीचा पीळ. गुंगीचं इंजेक्शन मी टाळतो. त्याने पोटातल्या पिल्लाच्या हृदयाची गतीही मंदावते. घोडीचं गुद गाईपेक्षा नाजूक असतं, फाटलं तर घोडी वाचणं अवघड. म्हणून हाताला भरपूर जेल, लीद पूर्ण काढून घ्यायची, आणि घोडीने जोर केला की हात सैल सोडून थांबायचं.

२४ मार्च

पहिली घोडी: मंगळवेढ्याची अबलख, आठ वर्षांची, आधीची दोन बाळंतपणं सुरळीत. घोडा दाखवल्याची तारीख २० जून २०२३, म्हणजे आज २७८ दिवस. निरोगी घोडीवर हात बसवायचा म्हणून हिच्यापासून सुरुवात.

यंत्रावर आकडा आला १३ मि.मी.

मोजायचं काय ते दोन वाक्यांत सांगतो. घोडीची वार गाईसारखी गाठीगाठींची नसते, गर्भाशयाच्या आतून सगळीकडे अस्तरासारखी चिकटलेली असते. पडद्यावर गर्भाशयाची भिंत आणि वार वेगळी दिसत नाहीत, दोन्हींची मिळून एक करडी पट्टी दिसते आणि तिचीच जाडी मोजायची. २७१ ते ३०० दिवसांत ती ८ मि.मी.च्या आत हवी, ३०१ ते ३३० मध्ये १०च्या आत, ३३० नंतर १२च्या आत. त्याहून जाड म्हणजे वारेला सूज किंवा ती सुटायला लागलेली.

१३ म्हणजे सरळ धोका. मालकांना काय सांगावं कळेना. "आठवड्याने पुन्हा बघू" म्हणून निघालो आणि रात्रभर झोप आली नाही.

३१ मार्च

घोडीत काहीच बिघाड नव्हता. मी दोन ठिकाणी चुकलो होतो.

एक, मी वरच्या बाजूची, पाठीकडची भिंत मोजली. शेवटच्या महिन्यांत तिथे निरोगी घोडीलाही सूज दिसू शकते. मोजायची ती खालची, पोटाकडची भिंत. दोन, पिल्लाभोवतीच्या आतल्या पिशवीचं पातळ आवरण त्या जागी वारेला टेकलेलं होतं आणि मी तेही पट्टीत धरलं.

आज असं केलं. आधी गर्भाशयाचं मुख शोधलं, मग प्रोब तिथून दोन बोटं पुढे नेऊन खाली झुकवला. गर्भाशयाच्या भिंतीत एक मोठी रक्तवाहिनी काळ्या नळीसारखी दिसते. तिच्या आतल्या कडेपासून काळ्या पाण्याच्या कडेपर्यंत माप. चित्र थांबवून तीनदा मोजलं: ६.७, ७.१, ६.९. सरासरी ६.९. पिल्लू हलून आवरण बाजूला होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबावं लागतं. गेल्या वेळी मी थांबलो नव्हतो.

यंत्राची खोली गाईच्या सवयीने १२ सें.मी. ठेवलेली होती, ती ७ वर आणली. खोली जास्त असली की पट्टी पडद्यावर इतकी बारीक दिसते की खूण एक टिंब सरकली तरी एक मिलिमीटर बदलतो, आणि इथे निर्णय दीड-दोन मिलिमीटरवरच करायचा असतो.

९ एप्रिल, पाडवा

सणाच्या दिवशी काम काढायला नको होतं. घरात पाहुणे, ढोल वाजत होता, घोडी बिथरली आणि प्रोबची वायर तिच्या मागच्या पायाखाली आली. पडद्यावर निम्म्या भागात काळे पट्टे. दुरुस्तीला पुण्याला पाठवला. १८,००० रुपये आणि दहा दिवस.

आता वायर माझ्या खांद्यावरून घेऊन पट्ट्याला बांधतो. यंत्र गळ्यात, जमिनीवर काहीच नाही.

२० एप्रिल

नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, वैरागजवळच्या वस्तीवर. सोळा वर्षांची, पाच शिंगरं झालेली. घोडा दाखवला १२ जुलै २०२३ला, आज २८३ दिवस. माप ६.८.

माप ठीक आहे, पण घोडीची ठेवण ठीक नाही. वय झाल्याने गुदाची जागा आत ओढली गेली आहे आणि निरण उभं न राहता तिरकं झालंय. लीद पडली की सरळ निरणावरून घरंगळते. चालताना आत हवा गेल्याचा आवाज येतो. संसर्ग चढायला याहून सोपी वाट नाही. गाभ ठरल्यावर लगेच निरणाच्या वरच्या भागाला टाके घालायला हवे होते. त्या वेळी मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी बघायचं ठरवलं.

उन्हाबद्दल. साडेअकराला काम सुरू केलं तर यंत्र तापून दोनदा बंद पडलं, आणि उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. यापुढे सकाळी सहा ते आठ एवढंच. पडद्याला पुठ्ठ्याचं छप्पर करून वर काळं कापड टाकलं, खर्च शून्य, आणि हंगामातली ही सगळ्यात कामाची दुरुस्ती. पाण्याचंही आधी बोलून घ्यावं. उजनी वजा साठ्यात आहे, वस्त्यांवर टँकर येतात, तिथे घोडीचं मागचं अंग धुवायला चार बादल्या मागणं बरं दिसत नाही. शेपटीला कापडी पट्टी बांधली की दीड बादलीत भागतं.

४ मे

नुकरी, २९७ दिवस. ७.४. मर्यादेत, पण वाढ दिसतेय. निरण कोरडं, कास रिकामी.

१० मे

काळी, सोलापूर शहर. वरातीच्या घोड्यांचा व्यवसाय करणाऱ्या चाचांची. पाच वर्षांची, पहिलटकर. दिवस २७९, माप ६.५. पिल्लाचा डोळा दिसला, हालचाल चांगली. लग्नसराई जोरात आहे, पण चाचांनी तिला फाल्गुनापासूनच कामातून काढलंय. तबेला इतका स्वच्छ की मी इतर मालकांना त्याचं उदाहरण देतो.

१८ मे

नुकरी, ३११ दिवस. तीन मापं: १२.४, १२.९, १२.५. सरासरी १२.६. या दिवसांना १०च्या आत हवं.

पाठीकडची भिंत तर धरली नाही ना, आवरण तर टेकलेलं नाही ना, म्हणून हात काढून, पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. तेच. मुखाच्या अगदी जवळ वार आणि भिंत यांच्यामध्ये एक करडी, रवाळ फट दिसत होती, साधारण नखाएवढी. म्हणजे नुसती सूज नाही, त्या कोपऱ्यात वार सुटायला लागली आहे आणि मध्ये स्राव साचला आहे. शेपटीखालच्या केसांना वाळलेला पिवळट डाग होता. मालक म्हणाले, "दोन दिवस झाले, पण एवढंसंच होतं म्हणून कळवलं नाही अण्णा." कास किंचित भरलेली.

चौदा दिवसांत ७.४ वरून १२.६. आज पहिल्यांदाच येऊन १२.६ बघितलं असतं तर मंगळवेढ्याच्या अनुभवानंतर माझा माझ्याच मापावर विश्वास बसला नसता. त्याच घोडीची, त्याच जागेची, त्याच हाताने घेतलेली आधीची दोन मापं वहीत होती म्हणून आजच औषध सुरू करायचा धीर झाला.

वजन फितीने काढलं. छातीचा घेर १६८ सें.मी., अंगाची लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०: साधारण ३५६ किलो. ट्रायमिथोप्रिम-सल्फा (प्रतिजैविक) किलोला ३० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. माणसांच्या ९६० मि.ग्रॅ.च्या अकरा गोळ्या एका वेळेला, कुटून गुळात कालवून. फ्लुनिक्सिन (सूज उतरवणारं) किलोला १.१ मि.ग्रॅ. पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारं) किलोला ८.५ मि.ग्रॅ. दोनदा. गर्भाशय शांत राहावं म्हणून प्रोजेस्टेरॉन.

स्रावाचा नमुना घेऊन एस.टी.ने प्रयोगशाळेकडे पाठवला.

२० मे

आजची चूक गंभीर आहे.

घोडीसाठी या कामाला जे तोंडावाटे द्यायचं अल्ट्रेनोजेस्ट असतं ते सोलापुरात कुठल्याच दुकानात मिळालं नाही. तेव्हा तेलातलं साधं प्रोजेस्टेरॉन रोज ३०० मि.ग्रॅ. स्नायूत द्यायचं ठरवलं होतं. परवा रात्री घाईत दुकानातून ज्या कुप्या आणल्या त्या हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटच्या होत्या. गाई-म्हशींत ते आपण सर्रास वापरतो, हात सवयीने तिकडेच गेला. घोडीत ते गाभ धरून ठेवत नाही. घोडीच्या शरीराला ते प्रोजेस्टेरॉन म्हणून ओळखूच येत नाही म्हणा ना. आज सकाळी रिकाम्या कुप्या टाकताना लेबल वाचलं. दोन दिवस घोडीला या बाजूने काहीच आधार नव्हता.

मालकांना सगळं सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "आता बरोबरचं मिळालंय ना?" मिळालं होतं. आजपासून सुरू.

२५ मे

नुकरी, ३१८ दिवस. १२.९. वाढ जवळपास थांबली आहे. फट तेवढीच. पिवळा स्राव बंद. मानेवर इंजेक्शनची जागा सुजली, म्हणून आता मान आणि पुठ्ठा आलटून-पालटून.

नमुना वाया गेला. मेच्या उन्हात, बर्फाशिवाय, एस.टी.च्या टपावर. दुसरा नमुना थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून स्वतः नेऊन दिला. चार दिवसांनी फोनवर कळलं: स्ट्रेप्टोकॉकस, आणि चालू असलेल्या औषधाला दाद देणारा. औषध न बदलता पुढे चालू.

२८ मे

पहाटे अबलख व्यायली, ३४३व्या दिवशी. शिंगरू तासाभरात उभं, दोन तासांच्या आत सडाला, आणि वार पावणेदोन तासांत पडली. शिंगरू ३९ किलो, वार ४.२. निरोगी वार शिंगराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, ते इथे जुळलं. वार पसरून फोटो काढले, पुढे तुलनेला लागतील.

मंगळवेढ्याहून परतताना मोहोळजवळच्याच एका वस्तीवरून बोलावणं. कुमैत घोडी, नऊ वर्षांची, गेल्या खेपेला दहाव्या महिन्यात गाभडलेली. कास भरू लागली म्हणून घरचे घाबरले होते. घोडा कधी दाखवला? "श्रावणातल्या पहिल्या सोमवारी." पंचांग काढलं: २१ ऑगस्ट २०२३, नागपंचमी. म्हणजे आज २८१ दिवस. माप ९.२, या दिवसांना ८च्या आत हवं. त्यात कास भरतेय, त्यात मागचा इतिहास. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. तिथेच औषध सुरू केलं.

२ जून

कुमैतला औषधाने लीद पातळ झाली, खाणं निम्म्यावर आलं. ज्वारीचा कडबा तोंडात धरून तशीच उभी राहते. माप मात्र तेच, ९.३. फट नाही, स्राव नाही. काहीतरी जुळत नव्हतं.

सहज म्हणून घोड्याच्या मालकांना फोन केला. त्यांच्या वहीत तारीख होती २४ जुलै २०२३.

गेल्या वर्षी अधिक श्रावण होता. १८ जुलैपासून अधिक, १७ ऑगस्टपासून निज. घोडी दाखवली ती अधिक श्रावणातल्या पहिल्या सोमवारी. सांगताना मालक "श्रावण" म्हणाले, ऐकताना मी निज धरला. अठ्ठावीस दिवसांचा फरक. २८ मेला तिचे २८१ नव्हे, ३०९ दिवस भरले होते. ३०९ला ९.२ मि.मी. अगदी ठीक, आणि कास भरायला लागणंही वेळेवर.

औषध बंद. मालकांचे २,८०० रुपये आणि घोडीचे पाच वाईट दिवस माझ्या न विचारलेल्या एका प्रश्नामुळे गेले. औषधाचे पैसे परत केले.

आपल्याकडे घोडी दाखवल्याची तारीख तिथीने, सणाने, जत्रेने लक्षात ठेवतात. त्यात वाईट काही नाही. पण घोड्याच्या मालकाची वही, फोनमधला त्या दिवसाचा फोटो, पैसे पाठवल्याचा संदेश, यांपैकी काहीतरी एक बघितल्याशिवाय दिवस मोजायचे नाहीत. माप कितीही अचूक घेतलं तरी ते कुठल्या रकान्यात बसवायचं हे तारखेवर ठरतं.

१ जून, उशिरा लिहिलेली नोंद

कालच्या धावपळीत राहून गेली. नुकरी, ३२५ दिवस, ११.४. पहिल्यांदा उतार. फट अजून दिसते. प्रोजेस्टेरॉन आणि गोळ्या चालू.

सगळ्या मालकांना एक कात्री दिली, टोकं बोथट असलेली, १४० रुपयांची. तबेल्याच्या खांबाला सुतळीने बांधली. सांगितलं ते इतकंच: पांढरी, निळसर, आरपार दिसणारी पिशवी आणि त्यात पाय दिसला तर हात लावू नका. लाल, मखमलीसारखी पिशवी आली तर मला फोन करायच्या आधी कापा. मालकांकडून तेच शब्द परत म्हणवून घेतले. वैरागच्या मालकांच्या आईलाही सांगितलं, कारण रात्री जाग तिलाच येते.

८ जून

रात्री दीड. वैरागहून फोन. पाऊस धो धो, आमच्या बाजूचा ओढा रस्त्यावर.

"अण्णा, लाल आलीय. आईनं कात्री काढून दिली. कापलीय मी. आत पांढरी दिसतीय."

मी म्हणालो ती फाडा, पाय धरा, घोडी कळ देईल तेव्हाच खाली, तिच्या घोट्यांच्या दिशेने ओढा. फोन आजींच्या हातात. मागे पावसाचा आवाज, घोडीचं कण्हणं, मालकांचं "ये, ये, ये". मी ओढ्याच्या अलीकडे गाडीत बसलेलो. तीन-चार मिनिटं गेली असतील. मग आजी म्हणाल्या, "शिंकलं."

ओढा उतरल्यावर चार वाजता पोचलो. शिंगी, ३३२व्या दिवसाची, ३३ किलो. कानांचा कणा मऊ, कपाळ किंचित घुमटासारखं, म्हणजे आत तिचे हाल झाले होते. उभं राहायला सव्वादोन तास लागले. चोखायची ताकद कमी, म्हणून आईचा चीक पिळून बाटलीने दर तासाला दिला. वार ५.२ किलो, शिंगराच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याजवळ. मुखाकडचा भाग जाड, तपकिरी, पण पू वाळलेला, आणि कडेला निरोगी मखमली लाल भागाची स्वच्छ सीमा. रोग तिथे अडवला गेला होता. गेल्या सप्टेंबरातल्या वारेत अशी सीमा नव्हती.

पाचव्या दिवशी शिंगी वस्तीवरच्या कुत्र्यामागे धावली.

२६ जून

कुमैत व्यायली. ३३८ दिवस. सगळं वेळेवर, वार स्वच्छ. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पेढ्यांबरोबर.

५ ते ८ जुलै

काळी. ८ जूनला ३०८व्या दिवशी ८.१ आणि २९ जूनला ३२९व्या दिवशी ९.०. दोन्ही मापं मर्यादेत. स्राव नाही, कासेत घाई नाही. मी चाचांना "निर्धास्त राहा" म्हणालो होतो.

५ तारखेला पहाटे ३३५व्या दिवशी व्यायली. पिशवी पांढरी, बाळंतपण सोपं. पण शिंगरू २४ किलो, बरगड्या मोजता येतील असं. चार तास उभं राहिलं नाही. नळीने चीक पोटात घातला, दुसऱ्या दिवशी ताप, सांधे सुजले. प्रतिजैविक, सलाइन, रात्रभर चाचा आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने शेजारी बसून. ८ तारखेला सकाळी गेलं.

वार पसरली. मुखाकडचा भाग निर्दोष, माझी मापं बरोबर होती. पण गर्भाशयाच्या शिंगासारख्या फाट्याच्या बुडाशी, जिथे माझा प्रोब कधीच पोचणार नव्हता, दोन वितींचा भुरकट, जाड, चिकट पट्टा. तेवढ्या भागातून शिंगराला काहीच मिळत नव्हतं.

गुदमार्गातून दिसतो तो मुखाजवळचा कोपरा. खालून चढणारा संसर्ग तिथे सापडतो आणि बहुतेक वेळा रोग तिथलाच असतो, म्हणून ही तपासणी कामाची आहे. वारेच्या इतर भागांचं ती काही सांगत नाही. त्यासाठी पोटावरून, २.५ ते ३.५ मेगाहर्ट्झच्या गोल प्रोबने बघावं लागतं. त्यात पिल्लाच्या हृदयाचे ठोके मोजता येतात, पाण्याची खोली दिसते, वारेचा बराच मोठा भाग दिसतो. माझ्याकडे तो प्रोब नव्हता. नसताना "निर्धास्त राहा" म्हणायचा मला अधिकार नव्हता. "या कोपऱ्यात आज काही दिसत नाही" एवढंच म्हणायला हवं होतं.

चाचांना वार दाखवली, पट्टा दाखवला. त्यांनी बराच वेळ हात लावून पाहिलं. म्हणाले, "पुढच्या खेपेला तो दुसरा प्रोब आणा, निम्मे पैसे मी देतो."

१४ जुलै

हिशेब. यंत्र १,३५,०००. वाया गेलेला खोडा १४,५००. वायर १८,०००. जेल, लांब हातमोजे, कात्र्या, थर्मास मिळून ४,९००. पेट्रोल मोजलं नाही. नुकरीची तीन आठवड्यांची औषधं ११,६००, ती मालकांनी दिली. चार घोड्या, एकोणीस तपासण्या, त्यांतल्या पहिल्या सहा शिकण्यात गेल्या. पहिल्या मापाला पाऊण तास लागला होता, आता बारा मिनिटं.

गोल प्रोबची चौकशी केली. माझ्या यंत्राला बसणारा जुना प्रोब ५५,००० ला आहे. चाचांकडून पैसे घेणार नाही. खोडा एका गोठेवाल्याने ९,००० ला मागितलाय, देऊन टाकतो.

पालख्या पंढरपूरच्या वाटेवर आहेत, मोठे रस्ते भरलेले, त्यामुळे या आठवड्यात बाहेरची कामं बंद. त्या वेळात पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यातल्या नागीण-विषाणूच्या (हर्पिस) लसींचं वेळापत्रक प्रत्येक घोडीच्या पानावर लिहून काढलं. गर्भपाताचं तेही एक कारण, आणि ते सोनोग्राफीत आधी दिसत नाही.

२५ जुलै

नुकरीला यंदा घोडा दाखवायचा नाही असं मालकांनी ठरवलं. निरणाला टाके घालून घेतले, आता गाभण नसली तरी आतला भाग स्वच्छ राहील. शिंगी आईच्या पाठोपाठ दारापर्यंत येते आणि कात्री बांधलेल्या सुतळीला तोंड लावते. कात्री हातभर वर बांधली.

कुमैतला आज घोडा दाखवला. मी तिथेच होतो. मालक म्हणाले, "आषाढ वद्य पंचमीच्या आसपास, लक्षात राहील." मी पिशवीतून रंगाची डबी काढली आणि तबेल्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा उंचीवर लिहिलं: २५-७-२०२४.